बाकी काही त्रास नाही

जिभेचा फोटो आधी येतो, नावगाव नंतर. ट्यूबलाइटच्या उजेडात, बेसिनवरच्या आरशासमोर, स्वतःच्याच हाताने काढलेला. त्यामुळे जीभ थोडी, दात जास्त आणि मागे वाळत घातलेला टॉवेल मात्र स्वच्छ दिसतो. खाली मजकूर: 'वय 46, वजन 71, शाकाहारी, निर्व्यसनी. तीन दिवस जिभेवर पांढरा थर आहे. बाकी काही त्रास नाही.' इथे पत्र संपायला हरकत नसते, पण या गृहस्थांचं पत्र इथून सुरू होतं. 'फक्त सकाळी करपट ढेकर येतात, डाव्या पोटरीत गोळा येतो, जेवल्यावर कान गरम होतात आणि 2011 मध्ये कावीळ झाली होती.' मोबाइलवरून डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची सोय झाल्यापासून हे गृहस्थ घराघरांत आहेत. वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. ज्यांना ते आठवत नसतील त्यांनी स्वतःचा मोबाइल तपासावा. त्यांना हसणं सोपं आहे आणि मीही पुढे हसणारच आहे. पण हसून सोडून देण्याआधी एक गोष्ट मांडायची आहे. हा माणूस ज्या दुखण्याबद्दल पानभर लिहितो, त्याला तो फारसा घाबरलेला नसतो. ज्याला तो घाबरतो ते एका ओळीत असतं, आणि ती ओळ 'बाकी काही त्रास नाही'च्या पलीकडे कुठेतरी दडवलेली असते.

पानभर लिहिण्याचा नमुना म्हणून ताप घ्या. गृहस्थांच्या थर्मामीटरवर 98.8 दिसतं आणि त्यांच्या लेखी तो ताप असतो. 98.6 फॅरनहाइट हा आकडा कार्ल वुन्डरलिश या जर्मन डॉक्टरने 1868 मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी काढून रूढ केला. 1992 मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांचं तपमान पुन्हा मोजलं, तेव्हा सरासरी 98.2 भरली. शिवाय तपमान पहाटे उतरतं, संध्याकाळी चढतं आणि माणसागणिक वेगळं असतं, हेही दिसलं. म्हणजे 98.8 ला काडीचाही अर्थ नाही. हे समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांना गृहस्थांचा उलट प्रश्न तयार असतो: 'मग खरं नॉर्मल 98.2 धरलं, तर मला 0.6 ताप आहे ना?' आणि थर्मामीटर 97 वर अडला तरी सुटका नाही. ताप 'आतून' असतो. कणकण, कसर, अंग मोडून येणं या आपल्याकडच्या पिढीजात तक्रारी पाऱ्याला कधी दिसल्या नाहीत आणि ॲपवरच्या लक्षणांच्या यादीतही त्यांना रकाना नाही. म्हणून गृहस्थ यादीतलं 'इतर' निवडतात आणि तिथे निबंध लिहितात. निबंधाच्या मध्यावर 'बाकी काही त्रास नाही', आणि त्यापुढे उरलेला अर्धा निबंध.

तपासणीच्या अहवालांचं प्रकरण याहून रंगतदार आहे, कारण इथे गृहस्थांच्या हातात पुरावा असतो. ठळक अक्षरातला, शेजारी बाण असलेला आकडा. आता ही 'सामान्य मर्यादा' ठरते कशी? बहुतेक चाचण्यांसाठी निरोगी लोकांचे आकडे घेतात आणि दोन्ही टोकं सोडून मधले 95 टक्के तेवढे हद्दीत ठेवतात. म्हणजे ठणठणीत माणसाचा एखादा आकडाही विसात एकदा हद्दीबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या हद्दीत येण्याची शक्यता उरते जेमतेम 36 टक्के. सणाच्या सवलतीत साठ-सत्तर चाचण्यांचं पॅकेज घेणारा माणूस निरोगीपणाचं प्रमाणपत्र आणायला जातो आणि दोन-तीन बाण घेऊन परततो. हे बाण विकणाऱ्यांना ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. या धंद्यावर कुणी विनोदी लिहीत नाही, गृहस्थांवर मात्र सगळे लिहितात. तो अहवाल ते रात्री पावणेबाराला डॉक्टरांकडे पाठवतात: 'आरडीडब्ल्यू 14.9 आलं आहे, लाल रंगात. हे काय असतं? गंभीर असेल तर स्पष्ट सांगा, माझी तयारी आहे. बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल, बाकी काही त्रास नाही.' तयारी अजिबात नसते, हे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा की हे रिकामपणाचं लक्षण आहे, यात डॉक्टरांचा वेळ जातो. दुखत असेल तर सरळ दवाखान्यात जावं. जावं हे खरं. पण दवाखान्यात काय मिळतं? 67 देशांमधल्या प्राथमिक उपचारांच्या भेटी किती वेळ चालतात, याचा एक आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात 48 सेकंद, आणि भारतात साधारण दोन मिनिटं. दोन मिनिटांसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, टोकन घेऊन तासभर बसायचं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मधूनच आत जाताना पाहायचे आणि नंबर आल्यावर जिभेपर्यंत पोचायच्या आत कागद फाडून हातात पडायचा. घाईचं हे दुखणं आपल्यापुरतं आहे असंही नाही. अमेरिकेत 1984 मध्ये भेटींच्या ध्वनिफिती ऐकून पाहिलं, तर रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरांनी त्याला तोडलेलं होतं. 18 सेकंदांत आमचे गृहस्थ वय, वजन आणि शाकाहारापर्यंत येतात. ज्याला कुठेच वाक्य पुरं करू दिलं जात नाही, तो जिथे अक्षरांची मर्यादा नाही तिथे जाऊन पसरणार.

इथे कुणीतरी उसासा टाकून फॅमिली डॉक्टरांची आठवण काढतो. पेठेतला दवाखाना, खिडकीतून हात बाहेर काढणारा कंपाउंडर, लाल औषधाची बाटली आणि तिच्यावर डोसांच्या खाचा कापून चिकटवलेली कागदाची पट्टी. त्या काळाचं फार कौतुक करू नये. त्या लाल औषधात काय असायचं हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि पुष्कळदा सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत इंजेक्शन एकच असायचं. पण त्या डॉक्टरांना एक गोष्ट न विचारता माहीत असायची, ती म्हणजे समोरच्या माणसाच्या घरात कोण कशाने गेलं. त्यामुळे 'काही नाही रे, दोन दिवस ताक-भात खा' एवढं म्हटलं तरी पुरायचं. त्या वाक्यात औषध नव्हतं; तू तुझ्या बापाच्या वाटेने चाललेला नाहीस, असं त्यात न बोलता सांगितलेलं असायचं. ऑनलाइन डॉक्टरांना ही माहिती नसते. ती त्यांना द्यावी लागते. आणि तीच देणं गृहस्थांना जमत नाही.

म्हणून माझ्या मूळ मुद्द्याचा पुरावा पत्राच्या शेवटी शोधावा. दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट चांगली माहीत असते: रुग्ण सगळं सांगून उठतो, दाराच्या कडीला हात घालतो आणि मग वळून म्हणतो, 'जाता जाता एक विचारू का?' खरं येण्याचं कारण ते असतं. ऑनलाइन पत्रात दाराची कडी म्हणजे 'बाकी काही त्रास नाही'. जीभ, ढेकर, पोटरी, कान, कावीळ अशी मजल दरमजल करत पत्र संपतं आणि तळाशी येतं: 'कधीकधी जिना चढताना छातीत भरून येतं, गॅसेस असावेत. वडील 47 व्या वर्षी झोपेत गेले.' पहिल्या ओळीतलं वय आता पुन्हा वाचा. जिभेला फोटो आहे, छातीला अर्धी ओळ आहे, आणि त्या अर्ध्या ओळीतही निदान स्वतःच करून टाकलं आहे. आपल्याकडे छातीतल्या कळेला गॅसेस म्हणण्याची इतकी सवय आहे, की 108 ला फोन करण्याआधी माणूस सोडा पिऊन पाहतो. फुटकुळीला कर्करोग समजणारा आणि हृदयाच्या दुखण्याला ढेकर समजणारा हे दोन वेगळे स्वभाव नव्हेत. तो एकच माणूस आहे. जे आपल्याला होणार नाही याची मनातून खात्री असते, त्याची भीती चारचौघांत मिरवता येते.

दुसरा आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येतो: ही रोगभीती आहे, सगळं मनाचं आहे. असेल. पण मनाचं दुखणं असलेल्या माणसाला शरीर नसतं असं थोडंच आहे? मोलिएरने काल्पनिक आजारात रमणाऱ्या माणसावर फ्रेंचमध्ये प्रहसन लिहिलं आणि मुख्य भूमिका स्वतः केली. 17 फेब्रुवारी 1673 रोजी चौथ्या प्रयोगात, खोट्या रोग्याचं काम करतानाच त्याला खरा झटका आला. त्याने प्रयोग पुरा केला आणि घरी जाऊन त्याच रात्री तो वारला. छातीचं दुखणं त्याला आधीपासून होतं. प्रेक्षकांना त्यातलं किती समजलं असेल?

या गृहस्थांच्या घरात दुसरं एक माणूस असतं, त्याचा हिशेब नेमका उलटा. गृहस्थांच्या सौभाग्यवती काहीच विचारत नाहीत, अंगावर काढतात. महिनोन् महिने अंगावरून जास्त जात असतं, पायऱ्या चढताना धाप लागते, नखं पांढरी पडलेली असतात, आणि हे सगळं 'दगदग' या एका शब्दात मावतं. दुपारी घर रिकामं झाल्यावर त्या कधीतरी मोबाइल घेतात आणि लिहितात, 'माझ्या बहिणीला विचारायचं आहे.' जाहिराती काही म्हणोत, ऑनलाइन डॉक्टरांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. समोर कुणी ओळखीचं बसलेलं नसतं आणि तपासणीच्या खोलीबाहेर सासूबाई नसतात, म्हणून बहिणीच्या नावाने का होईना, तोंड उघडतं. गृहस्थांच्या जिभेचे दहा फोटो सोसून ही एक ओळ डॉक्टरांपर्यंत पोचत असेल, तर सौदा महाग नाही.

राहिला तिसरा आक्षेप, तो सर्वांत वजनदार: न तपासता दिलेला सल्ला चुकतो. चुकतो. लक्षणं भरली की रोगाचं नाव सांगणाऱ्या 23 संगणकीय साधनांची परीक्षा 2015 मध्ये घेतली, तेव्हा योग्य निदान पहिल्या क्रमांकावर फक्त 34 टक्के वेळा आलं. पण त्या यंत्रांमध्ये आणि डॉक्टरांमध्ये फरक आहे आणि आपल्याकडे तो कागदावरही आहे. 25 मार्च 2020 रोजी, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. लिहून, बोलून किंवा व्हिडिओवर सल्ला देता येतो. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा. काही औषधं अशी लिहून द्यायचीच नाहीत. आणि गरज वाटली की सल्ला थांबवून रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचं. पुढच्याच महिन्यात ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेची मोफत ओपीडी सुरू झाली. तेव्हा 'प्रत्यक्ष तपासणी करून घ्या' या उत्तराने गृहस्थ कितीही चिडले, तरी तेच पुष्कळदा खरं उत्तर असतं. चिडण्याचं कारण मात्र समजून घ्यावं. त्यांनी चारशे शब्द लिहिलेले असतात आणि उत्तर चार शब्दांचं येतं.

ही भूक आता यंत्राने ओळखली आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांनी ऑनलाइन जाहीरपणे विचारलेले 195 वैद्यकीय प्रश्न घेऊन डॉक्टरांची आणि चॅटबॉटची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. कुणाचं उत्तर कोणतं हे न सांगता जाणकारांना विचारलं, तर 78.6 टक्के वेळा पसंती चॅटबॉटला मिळाली. आपुलकीतही यंत्रच सरस ठरलं. डॉक्टरांचं उत्तर सरासरी 52 शब्दांचं होतं, यंत्राचं 211 शब्दांचं. फुकट, मोकळ्या वेळात 52 शब्द लिहिणाऱ्या माणसापेक्षा कधीच न दमणारं यंत्र प्रेमळ वाटावं, यात नवल नाही. आमचे गृहस्थ तिथेही जातीलच, गेलेही असतील.

पण त्या 52 शब्दांमध्ये एखादा डॉक्टर असा भेटतो, की तो पत्र खालून वर वाचतो. जीभ, ढेकर, आरडीडब्ल्यू यांना हात न लावता लिहितो: 'उद्या सकाळीच ईसीजी काढून या. एकटे जाऊ नका. वडिलांना आधी काही त्रास होता का?' यावर गृहस्थ बराच वेळ काही लिहीत नाहीत. मग लिहितात, 'होता, पण ते कुणाला सांगायचे नाहीत.' त्या रात्रीचा एवढाच एक मजकूर असा, की ज्यात 'बाकी' हा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी ते जातात, पत्नीला घेऊन जातात, आणि दुपारी ॲपवर डॉक्टरांना तारे द्यायची वेळ येते. पाचपैकी चार देतात. खाली अभिप्राय: 'डॉक्टर चांगले आहेत. पण औषध लिहून दिलं नाही.'