मॅस्लो, पाव्हलॉव्ह आणि टँकर

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक खर्डीत बसून वाचावं. उदाहरणांसाठी पान उलटावं लागत नाही.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना नुसत्या खुणेच्या आवाजाने लाळ सुटायची. आमच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरचा हॉर्न वाजला की हंडे, कळशा आणि भांडणं एकदमच बाहेर पडतात. पाव्हलॉव्ह निदान वेळेवर खायला तरी घालत असे.

मॅस्लोने १९४३ साली गरजांची उतरंड मांडली. तळाला अन्न-पाणी, शिखरावर आत्मसाक्षात्कार. आमच्या भागात तानसा आहे, भातसा आहे, वैतरणा आहे. त्यामुळे तळाची पायरी जलवाहिनीतून थेट मुंबईला जाते आणि आत्मसाक्षात्कार तेवढा आम्हाला उरतो.

स्किनर म्हणतो, बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सगळ्यात चिवटपणे कळ दाबत राहतो. बिचाऱ्याने उंदीर-कबुतरांवर वर्षं घालवली. कसारा लोकल उशिरा असताना दर मिनिटाला इंडिकेटरकडे माना वळवणारा फलाट त्याने पाहिलाच नाही.

सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही त्यातले बरेच जागचे हलले नाहीत. याला म्हणतात शिकलेली असहायता. आमच्याकडे झटक्यासाठी आधी वीज टिकायला हवी.

परीक्षेत यावर सोदाहरण टीप लिहायची असते. उदाहरण म्हणून ग्रामसभेचं इतिवृत्त जोडलं तर मार्क कापतात का, एवढंच सरांना विचारायचं आहे.