मुळातले मामा

सुधामामांबरोबर सुपरहिरोचा सिनेमा बघायला जाणं म्हणजे आपल्या बरगड्यांची परीक्षा. पडद्यावर सुपरमॅनने झेप घेतली रे घेतली, की अंधारातून कोपर येतं. "मुळात तो उडत नव्हताच!" पुढच्या रांगेतला माणूस वैतागून मागे वळतो. मामांना वाटतं, त्यालाही ऐकायचंय. मग त्यालाही कळतं, की १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी आणलेला सुपरमॅन नुसत्या लांब उड्या मारायचा. "एक अष्टमांश मैल. बरोब्बर फर्लांग!" आणि क्रिप्टोनाइट? "ते रेडिओवाल्यांनी १९४३ला घुसडलं."

मामा बँकेतून रिटायर झालेत. दिवाणाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची इंद्रजाल कॉमिक्स आहेत. खाकी कव्हरं घातलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. हात धुवायचे, पुसायचे, मग बसायचं. चिवडा खाल्लेल्याला त्या दिवशी त्यातल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, दर्शन नाही. अंकही पुरता उघडायचा नाही, पिना ढिल्या होतात. अर्धवट धरून आत डोकवायचं.

गंमत म्हणजे कोणता हिरो कधी आणि कुणापायी बदलला, याची अख्खी वंशावळ मामांना पाठ आहे, आणि त्यातला एकही बदल त्यांना मंजूर नाही. बॅटमॅन सुरुवातीला पिस्तूल वापरायचा, हे तेच सांगतात. नव्या सिनेमात त्याने कुणाला मारलं की "संस्कारच नाहीत" असंही तेच म्हणतात. बिल फिंगरचा विषय मात्र जपून काढावा. बॅटमॅन घडवण्यात त्याचा एवढा मोठा वाटा, पण निर्माता म्हणून नाव एकट्या बॉब केनचं. फिंगरचं नाव लागलं ते २०१५ साली. "सातबाऱ्यावर नाव चढायला शहात्तर वर्षं!" असं म्हणून मामा चहा गार करतात.

त्यांचं खरं दुखणं १९८८चं. बॅटमॅनचा साथीदार झालेला दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगवायचा की मारायचा, हे कॉमिक छापणाऱ्या कंपनीने वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं. मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. "बहात्तर मतांनी गेला पोरगा! इथून फोन लागला असता तर त्र्याहत्तर मी एकट्याने केले असते." म्हणजे वाचकांना विचारणं चूक, पण मामांना न विचारणं ही त्याहून मोठी चूक.

मामांच्या या ‘मुळात’वर मामीच उतारा देतात. "अहो, वेताळाचं जंगल ज्या देशात, तो अमेरिकेतल्या अंकांत बंगाला ना? डेंकाली तर तुमच्या इंद्रजालवाल्यांनी केलं."

"तेच मूळ," मामा ठाम. "अमेरिकेत चुकीचं छापतात."

परवा त्यांच्या नातीने, जुईने, स्वतःची सुपरहिरोइन काढली. डोंबिवलीला राहणारी, पाठीवर लांबलचक लाल केप. मामांनी चष्मा लावून चित्र तपासलं. "केप कशाला? आठ सत्तावन्नच्या लोकलच्या दारात अडकेल." जुईने निमूट खोडरबर घेतला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना आवडते म्हणून तिने ती पुन्हा काढली, या वेळी जांभळी.

मामांनी चित्र हातात घेतलं आणि मान हलवली. "मुळात हिला केप नव्हती."