बाळकृष्णाला पाण्यातून काढा

नेपरव्हिल, शिकागोजवळ
शनिवार, १७ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. निघताना वड्या होत्या असं चिठ्ठीवरून कळतं, पोचला तो चुरा. आम्ही चमच्याने खाल्ला. तुमच्या जावयांनी दुधात घालून खाल्ला, पण त्यावर मी काही बोलणार नाही, कारण चिठ्ठीत ‘गोड बोला’ तीनदा लिहिलं आहे. गोड बोलून झालं. आता विचुंब्याच्या फ्लॅटबद्दल.

हे फोनवर बोलता येत नाही. मी किमतीवर आले की आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि आप्पांना नेमकं तेव्हाच ऐकू येईनासं होतं. म्हणून कागदावर.

फ्लॅट विकायला काढून चौदा महिने झाले. इथे घर विकायला काढलं की पहिल्या दिवसापासून दिवस मोजतात आणि तो आकडा सगळ्या जगाला दिसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी गर्दी होते तीच खरी. नंतर लोक किंमत बघायच्या आधी दिवस बघतात आणि म्हणतात, इतके दिवस पडून आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. आपल्याकडे आकडा लिहीत नाहीत इतकंच, पण शंका तीच येते.

आमच्या शेजारीणबाईंचं घर असंच ऑगस्टपासून अडलं होतं. ऑक्टोबरात एका सकाळी त्या ‘विकणे आहे’च्या पाटीशेजारी खुरप्याने खड्डा खणताना दिसल्या. मला वाटलं ट्यूलिपचे कांदे लावतायत. जवळ गेले तर हातात संत जोसेफची वीतभर मूर्ती. ती डोकं खाली, पाय वर अशी जमिनीत पुरायची. घर विकलं गेलं की उकरून काढून नव्या घरात मानाने ठेवायची. दुकानात याचा तयार संच मिळतो, मूर्ती, प्रार्थनेचा कागद आणि सूचना. मला हसू आलं आणि पाठोपाठ आपला तांब्या आठवला, ज्यात आईने आषाढापासून बाळकृष्ण बुडवून ठेवला आहे. आम्ही ‘देव पाण्यात घालून बसलेत’ असं नुसतं म्हणतो, आई खरोखर घालते. तिकडे नाकातोंडात पाणी, इकडे नाकातोंडात माती. देवाला ओलीस धरल्याशिवाय घर विकलं जात नाही यावर दोन्ही खंडांचं एकमत दिसतंय.

शेजारीणबाईंचं घर पुढच्या पंधरवड्यात गेलं. त्याच आठवड्यात त्यांनी किंमत उतरवली होती, दाराला नवा रंग दिला होता आणि फ्रिजवरची नातवंडांची चित्रं काढून ठेवली होती. श्रेय जोसेफबाबांना मिळालं.

मग मी बसून विचार केला, की आपलं घोडं पेंड कुठे खातंय.

पहिली चूक आमची. किंमत. २०११ साली आम्ही तो फ्लॅट १८ लाखांना घेतला तेव्हा दाखवणारा म्हणाला होता, ‘ताई, दोन वर्षांत गच्चीतून विमान दिसेल.’ त्या भरवशावर आम्ही चौदा वर्षं काढली. २०१३ च्या जानेवारीत सिडकोचा नैना प्रकल्प जाहीर झाला, आम्ही मनातल्या मनात पाच लाख वाढवले. १८ फेब्रुवारी २०१८ ला विमानतळाचं भूमिपूजन झालं, आणखी पाच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, तेव्हा जावयांनी पेढे आणले, जणू सेतू आपल्या सोसायटीच्या फाटकात उतरतो. शेवटी ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि गेल्या नाताळच्या दिवशी पहिलं विमान उडालं. आम्ही मागत होतो ४५ लाख. विमान उडालं, फ्लॅट जागचा हलला नाही. आता कळतंय की विमानतळ येणार ही गोष्ट भावात कधीच धरली गेली होती. शिवाय तो एकट्या आपल्यासाठी आलेला नाही, त्याच भरवशावर बांधलेल्या नव्या इमारती आजूबाजूला उभ्या आहेत, लिफ्ट आणि झोपाळ्यांसकट.

दुसरी चूक दलालांची, पण तीही आम्हीच करवून घेतली. जो भेटेल त्याला दिला. परवा मी इथून पनवेलची घरं शोधली तर एकाच पानावर आपला फ्लॅट तीनदा. एका ठिकाणी ४५ लाख, एका ठिकाणी ४७, एका ठिकाणी ४२ ‘बोलणी करून’. एकाकडे पूर्वाभिमुख, दुसऱ्याकडे पश्चिमाभिमुख. तिसऱ्याने लिहिलंय ‘विमानतळापासून पाच मिनिटं’. विमानाने गेलं तर असेल. बघणाऱ्याला यातून एकच समजतं, मालक घायकुतीला आलाय, थांबलो तर आणखी उतरेल. तेव्हा तिघांनाही जाहिरात काढायला सांगितली आहे. महिनाभर फ्लॅट कुठेच दिसणार नाही. मग एकच एजंट, महारेरात नोंदणी असलेला, एकच किंमत.

ती किंमत ३९ लाख ७५ हजार. आप्पा, बसा आधी. लोक शोधताना ‘४० लाखांपर्यंत’ अशी चौकट भरतात. आपण ४१ लिहिलं तरी त्या माणसाच्या लेखी आपला फ्लॅट जगातच नाही. नाही तरी मिळणार होते अडतीस. चौदा महिने आम्ही ४५ लाखांच्या घराचे मालक होतो, ते सुख भोगून झालं.

आता फोटो. मी मोठे करून पाहिले. दिवाणखान्याच्या फोटोत मधोमध ती प्लॅस्टिकची लाल खुर्ची. तिच्या पाठीवर आप्पांचा पंचा. खिडकीत पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र, वर शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं. आडवे शब्द पूर्ण, उभे चार बाकी. स्वयंपाकघरात स्टोव्ह आणि चहाचं गाळणं. आणि बाल्कनीच्या फोटोत, जिथे मी स्वतः लिहून दिलं होतं की ‘प्रबळगड आणि कलावंतिणीच्या सुळक्याचं दर्शन’, तिथे सुळका नाही, आप्पा आहेत. खुर्चीत, तोंडावर पुरवणी घेऊन झोपलेले. हा फोटो चौदा महिने जाहिरातीत होता.

आप्पा, तुम्ही दर रविवारी शेअर रिक्षाने जाता ते ‘फ्लॅटला हवा लागावी म्हणून’, असं आई म्हणते. हवा कुणाला लागते ते फोटोत दिसतंय.

आणि गिऱ्हाईकं. हे मी आईकडून, मामाकडून आणि सोसायटीच्या वॉचमनकडून तुकड्यातुकड्यांनी जमवलं आहे, नाकारू नका. कामोठ्याचं ते नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना तुम्ही चहा दिलात आणि न विचारता सांगितलंत, ‘मे महिन्यात टँकर लागतो हो, पण टँकरवाला माणूस सज्जन आहे.’ त्यांनी पाण्याचा प विचारला नव्हता. विचारलं असतं तर खरं सांगायचंच, खोटं बोला असं मी कधी म्हणणार नाही. पण ते खिडकीतून डोंगर बघत होते, आप्पा! डोंगर बघू द्यायचा होता थोडा वेळ.

त्या शिक्षिकाबाईंची गोष्ट तर मी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितली, बायका हसून लोळल्या. त्यांना तुम्ही म्हणालात, ‘दोन मुलं म्हणता, मग तुम्हाला हा लहान पडेल,’ आणि हाताला धरून पुढच्या गल्लीतला टू बीएचके दाखवायला घेऊन गेलात. त्यांनी तो घेतलाही. वास्तुशांतीला तुम्ही दोघं जेवून आलात. आई म्हणाली, अळूवड्या फार छान होत्या.

इथे घर दाखवायची वेळ झाली की मालकाला घराबाहेर काढतात. कुत्र्यासकट. मालक असला की लोक कपाटं उघडत नाहीत, मोकळं बोलत नाहीत, आणि मालक मात्र फार बोलतो. तेव्हा पुढच्या वेळी कुलूप उघडून द्यायचं आणि खाली कट्ट्यावर बसायचं. शब्दकोडं तिथेही सुटतं.

सगळा दोष तुमच्यावर टाकत नाही. दोन गिऱ्हाईकं आमच्यामुळे गेली. विकणारा तिकडचाच असेल तर ५० लाखांखालच्या घरावर घेणाऱ्याला कर कापावा लागत नाही. विकणारा परदेशात राहणारा म्हटला की कितीही लहान घर असो, कर कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि त्यासाठी त्याला टॅन नंबर काढावा लागतो. आयुष्यात एकदा घर घेणारा माणूस हे ऐकूनच जिना उतरतो. आता एजंट पहिल्याच भेटीत सांगणार की टॅनचा अर्ज आमचा सीए भरून देईल, खर्च आमचा. गिऱ्हाईक पक्कं झालं की कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्जही तोच करणार, नाही तर अख्ख्या किमतीवर कर कापला जाईल आणि परतावा मागत आम्ही वर्षभर बसू.

एक गिऱ्हाईक कर्जापायी गेलं. तिकडच्या गावांत नुसत्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, त्यामुळे बँका गावाचं नाव ऐकलं की आधी कागद मागतात. आपले कागद चोख आहेत, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सगळं. ते त्या दिवशी सापडले नाहीत इतकंच. आता सापडलेत, आईच्या ट्रंकेत, दिवाळी अंकांच्या खाली, ब्लाउजपीसच्या पिशवीत. इंडेक्स टू मात्र शेअर सर्टिफिकेटच्या घडीत होतं. सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढून फाईल फ्लॅटमध्येच ठेवा. आलेल्या माणसाच्या हातात चहाआधी फाईल. एखाद्या बाईने एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हेही एजंटला सांगायला सांगा. या किमतीला ते चाळीस हजार होतात, टँकरवाल्याच्या सज्जनपणाहून जास्त उपयोगाचे.

कुलमुखत्यारपत्र शिकागोच्या वकिलातीत साक्षांकित करून कुरिअरने पाठवलंय. वडिलांच्या नावे आणि बिनमोबदल्याचं म्हणून ५०० रुपयांच्या मुद्रांकावर भागतं. मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते करून घ्या. ट्रंकेत ठेवू नका.

दिवसांचा हिशेब असा. उद्या पौष अमावस्या, म्हणजे ‘पौष सरू दे मग बघू’ म्हणणाऱ्यांची सबब संपली. २२ तारखेला माघी गणपती, तो झाला की रंगारी बोलवा. फक्त पांढरा. मागच्या वेळी मामाने निवडलेला पिस्ता रंग फोटोत हॉस्पिटलसारखा दिसतो. बाथरूमचा गळका नळ बदला, बेलचं बटण बदला. पाडवा १९ मार्चला आहे, त्याच्या दहा दिवस आधी नवी जाहिरात. १९ एप्रिलला अक्षय्य तृतीया. तोवर टोकन हातात पडलं पाहिजे, कारण १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, आणि मग कुणी दाराची कडीही वाजवणार नाही. टँकर मात्र त्याच सुमाराला येतो.

आई, बाळकृष्णाला बाहेर काढ, पूस आणि उन्हात ठेव. सहा महिने झाले. थंडी आहे.

मुलं मजेत आहेत. धाकट्याने विचारलंय की विचुंब्याचं घर विकल्यावर आजोबा रविवारी कुठे जाणार. मी म्हटलं विचारते.

तुमची लेक

ता. क. नव्या फोटोत बाल्कनीतली खुर्ची राहिली तरी चालेल, डोंगरासमोर बरी दिसते. तिच्यात तुम्ही नको.