खलिफाचं नाणं

बत्तीस वर्षं मी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली. नोट खोटी असली की माझं बोट आपोआप थांबतं, अशी माझी ख्याती होती. ती पसरवणारा बहुतेक मीच. त्यामुळे निवृत्तीनंतर यवतमाळच्या घराचा माळा आवरताना आजीचा हालीचा डबा सापडला आणि त्यातून एक तांबूस नाणं घरंगळत बाहेर आलं, तेव्हा ते ओळखायला माझ्याहून लायक माणूस जिल्ह्यात नाही, याबद्दल मला शंका नव्हती.

आधी चिंचेचा कोळ लावून ते खसाखसा घासलं. जाणकार जुन्या नाण्याला चिंच लावत नाहीत, हे नंतर कळलं. घासल्यावर एका बाजूला वेलांट्यांचं भेंडोळं दिसलं, दुसऱ्या बाजूला अरबी वळणाची अक्षरं आणि बेचकीसारखा एक आकडा. अरबीत सात असाच काढतात, हे नातवाच्या मोबाइलवरून समजलं. शेजारचा आकडा झिजला होता. तोही मी सातच धरला. सत्त्याहत्तर!

हिजरी ७७ म्हणजे इसवी ६९६-९७. त्याच वर्षी दमास्कसच्या खलिफा अब्द अल-मलिकनं नाण्यांवरची चित्रं काढून नुसत्या अक्षरांचा सोन्याचा दिनार पाडला, सव्वाचार ग्रॅमचा. त्याआधी अरबांच्या बाजारात रोमन वळणाचे दिनार चालत आणि इराणच्या खुस्रो बादशहाचं डोकं असलेले चांदीचे दिरहम. त्यांच्या कडेला फक्त 'बिस्मिल्लाह' कोरलेलं. दिनार सोन्याचा, दिरहम चांदीचा आणि माझं नाणं तांब्याचं. पण माघार कसली? तांब्याच्या नाण्याला फल्स म्हणत, असं वाचलं आणि जीव भांड्यात पडला.

"सोनाराला दाखवा, मोड तरी येईल," ही म्हणाली. संशोधकाच्या बायकोनं असं बोलू नये.

मग दोन महिने मी साधनं धुंडाळली. बलाझुरी हा नवव्या शतकातला इतिहासकार. देश जिंकल्याच्या हकिगती सांगता सांगता शेवटाकडे नाण्यांवर प्रकरण लिहितो. मकरीझीनं पंधराव्या शतकात कैरोत नाण्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. इंग्रजी भाषांतरं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो आणि मला सुमैर भेटला. इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात दिरहम पाडणारा हा यहुदी. हज्जाज त्याच्या जिवावर उठला. माझी चांदी तुझ्याहून चोख आहे, मग मारतोस कशाला, असं त्यानं विचारलं म्हणतात. तेवढ्यावर भागेना, तेव्हा सुटकेच्या आशेनं त्यानं लोकांसाठी वजनं करून दिली. तोवर लोक नाण्याला नाणं लावून तोलत आणि एकमेकांना बुडवत. वजनांमुळे बाजार सुधारला. सुमैर काही सुटला नाही. माणूस आमच्या बिरादरीतला वाटला. माझं नाणं त्यानंच पाडलेलं, हे त्या रात्री ठरलं.

आता ते यवतमाळला आलं कसं? ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यात कळंबचं सरकार आहे, पण माझ्या नाण्यापुढे अकबर म्हणजे कालचा पोरगा. एकदम सुचलं: बोरी अरब! दारव्हा रस्त्यावरच्या गावाच्या नावातच पुरावा. एसटीनं गेलो आणि चहाच्या टपरीवर विचारलं, इथं पूर्वी अरब टांकसाळवाले राहायचे का?

"टांकसाळ नाही जी," टपरीवाला म्हणाला. "जिनिंग पायजे काय?"

शेवटी बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी उर्दू पेपर बाजूला ठेवला, नाणं हातात घेतलं आणि उलटं केलं. म्हणजे सुलटं केलं. माझ्या बेचकीचं खोपटाचं छप्पर झालं. छप्पर म्हणजे आठ.

"दो पाई. हैदराबाद. तेरा सौ अडतीस."

"अब्द अल-मलिक?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"कौनसे? गल्ली में तीन हैं."

हिजरी १३३८ म्हणजे इसवी १९१९-२०. सव्वाबाराशे वर्षांचा फरक. बँकेत पाच रुपयांचा फरक आला तरी मी रात्री नऊपर्यंत बसायचो. घरी येऊन पुन्हा पुस्तकं उघडली, तर अब्द अल-मलिकच्या नाण्यांवर साल अक्षरांत लिहीत, आकडे नसतच. शिवाय लिपी कोनदार कूफी. माझं भेंडोळं निजामाचा तुघ्रा, म्हणजे नावाची नक्षीदार मुद्रा होती. हे सगळं त्याच पानांत होतं, मीच सुमैरच्या नादात ओलांडलेलं.

आजी हदगावची, सासर उमरखेडचं. मधे पैनगंगा. पलीकडे निजामाचं राज्य आणि त्याचा हाली रुपया, अलीकडे वऱ्हाड आणि इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार. आजी माहेरची चिल्लर ज्या डब्यात ठेवायची, त्याला घरात सगळे हालीचा डबा म्हणत. मी साठ वर्षं समजत होतो, झाकण हलतं म्हणून.

बारा पैंचा एक आणा. माझ्याकडे दोनच पै आहेत. उमरखेड, महागाव, पुसदकडे कुणाच्या आजीच्या डब्यात दोन पैची अशीच आणखी पाच नाणी निघाली तर कळवा, आणा पुरा होईल. चिंच तेवढी लावू नका.