चोर सोडून संन्याशाला

शिंदखेड्याहून नरडाण्याकडे निघालो आणि वाटेत टायर बसला. स्टेपनी होती, जॅक होता, व्हीलपाना होता. शिवाय मॅगव्हील चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एकेक लॉक नट होता. त्याची चावी म्हणजे अंगठ्याएवढी लोखंडी गोटी, आत फुलाच्या पाकळ्यांसारख्या खाचा. मागच्या सर्व्हिसिंगला कुणा उत्साही हातांनी ती हवेच्या गनवर लावून गरगर फिरवली होती. पाकळ्या तेव्हाच गळल्या असाव्यात.

दोन तास उन्हात मी मालकी हक्क सिद्ध करत होतो. नट दाद देईना. शेवटी पंक्चरवाला आला. "काय व्हयनं, भाऊ?" त्याने चावी उजेडाकडे धरली आणि नाडी न लागलेल्या वैद्यासारखी परत दिली. मग नटापेक्षा जराशी लहान गोटी निवडली, हातोड्याने ठोकून नटावर गच्च बसवली, टॉमीला हातभर पाइप जोडला आणि अंगाचा भार टाकला. कर्रर्र! पाच मिनिटांत चाक खाली.

"नसता निघाला तर?"

"वर दुसरा नट वेल्डिंग केला असता. तापला की ढिला पडतो."

म्हणजे चोराला पाच मिनिटं, मालकाला दोन तास. कुलूप नेमकं कुणासाठी होतं, ते कळलं.

आता चारही चाकांना साधे नट आहेत. चोराने यावं, पाना डिकीत आहे.