हयातीचा दाखला

तैपेईत डायनासोर बँकेत ठेवलेत, हे ऐकल्यावर काका तडक बूट घालून तयार. एरवी संग्रहालय म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. पण उभा जन्म एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेलेला. बँकेत काय शिरलंय ते तपासणं त्यांना भागच होतं.

इमारत १९३३ची, निप्पॉन कांग्यो बँकेची. तैवानवर तेव्हा जपानचं राज्य होतं. शेतीला आणि उद्योगांना लांब मुदतीची कर्जं देणं हा या बँकेचा धंदा. पण दर्शनी खांब असे अजस्र, की कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्यानं पायरीवरूनच रामराम करावा. जपानी गेल्यावर १९४६ साली इथं तैवानची लँड बँक आली आणि २०१० पासून राष्ट्रीय तैवान संग्रहालयाचे जीवाश्म.

गिऱ्हाइकांच्या उंच दालनात आता लांब मानेचे सांगाडे उभे आहेत. काकांनी एकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्यानं नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला दिसत नाही."

"काका, जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली त्यांना."

"मग पेन्शन चालू कसं?"

जुनी तिजोरीची खोलीही जपून ठेवली आहे, पोलादी दारासकट. तिथं काका हरवले. "एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे," असं मला समजावताना त्यांचा आवाज चढला आणि शाळेची एक अख्खी रांग टायरॅनोसॉरस सोडून काकांकडे बघू लागली. भाषा कळत नसूनही पोरं गंभीर झाली होती.

रस्त्यापलीकडे संग्रहालयाची मुख्य इमारत, १९१५ची. गव्हर्नर जनरल कोदामा गेंतारो आणि त्यांचे मुलकी प्रशासक गोतो शिंपेई यांच्या स्मरणार्थ बांधलेली. त्यासाठी जपान्यांनी माझू देवीचं देऊळ पाडलं आणि उभं काय केलं, तर ग्रीक खांब आणि वर घुमट! परक्या मुलखात रुबाब दाखवायचा तर उसना लागतो की काय कोण जाणे. त्याच सुमारास इंग्रजांनीही मुंबईतल्या म्युझियमवर विजापुरी घुमट चढवला होताच.

दोन्ही साहेबांचे ब्राँझचे पुतळे आधी खाली, ऐन दालनातल्या कोनाड्यांत होते. आता ते तिसऱ्या मजल्यावर असतात. तैवानी लोकांनी त्यांना फोडलं नाही, फुलंही वाहिली नाहीत. नुसतं वर पाठवलं.

"साइड पोस्टिंग," काका हळहळले. "पगार तोच, सही नाही."

मला विचाराल तर मुख्य इमारतीपेक्षा बँक सरस. ३० तैवानी डॉलरांच्या एकाच तिकिटात दोन्ही होतात, सोमवारी बंद. मात्र बरोबर निवृत्त बँकवाला असेल, तर बँक शेवटी ठेवा. नाहीतर दुसरी इमारत बघायची राहून जाईल.