भावोजींचा काटा

भावोजींच्या मोटरहोममध्ये चढणाऱ्या पाहुण्याला पहिला प्रश्न, "वजन किती?" चहाचं मागाहून. ३५ वर्षं न्यू जर्सीत नोकरी करून निवृत्त झाले, ही घराएवढी गाडी घेतली, आणि तेव्हापासून त्यांना जगात फक्त पौंड दिसतात. मी ७४ किलो सांगितलं.

"म्हणजे १६३ पौंड. बूट धरून?"

ताईनं वरच्या कपाटात ठेवलेला कुकर त्यांनी खाली आणला. जड ते खाली, चाकांच्या जवळ. वर पापड, पोहे, टॉवेल. जनरेटर उजवीकडे म्हणून लोणच्याच्या बरण्या डावीकडे. पाण्यावर तर विशेष डोळा. गॅलनमागे सव्वाआठ पौंड, म्हणजे ८० गॅलनची टाकी भरली की साडेसहाशेच्या वर. "फुकटात बसलेलं एक अख्खं कुटुंब समज!"

टायरांचा थाट निराळा. गाडी पळाली की टायर तापतो आणि हवेचा आकडा फुगतो, म्हणून मोजणी भल्या पहाटे. मागच्या जोडटायरांतल्या आतल्या चाकाच्या वाल्वपर्यंत हात पोचायला भावोजी चिखलात आडवे होतात. तो बसला तर सगळा भार शेजारच्यावर, हे सांगताना त्यांचा आवाज घरातल्या थोरल्या मुलासारखा होतो. आहेतच ते थोरले. नक्षी कोरी असली तरी टायर उभ्याउभ्या म्हातारा होतो, म्हणून उन्हात चाकांना पांढरी टोपडी. बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे म्हणजे पत्रिका: २३१९, अर्थात २०१९चा तेविसावा आठवडा. स्वतःच्या लग्नाची तारीख ताईला विचारतात. सहाही टायरांची तोंडपाठ.

किती हवा भरायची हे प्रत्येक अ‍ॅक्सलवरचा भार कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणून पहिला मुक्काम ट्रक स्टॉपवरचा वजनकाटा. सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं, हलायचं नाही. चिठ्ठी आली. मागचा अ‍ॅक्सल ६० पौंडांनी जास्त.

भावोजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बॅगेकडे. मग नजर मागच्या बाकावर गेली आणि तिथंच थबकली.

"काय?" ताई म्हणाली.

"कुठं काय!"

ते मुकाट खाली उतरले. पाण्याची टाकी मागेच होती. आठ गॅलन पाणी सोडून आले आणि गाडी पुन्हा काट्यावर घेतली. दुसऱ्या खेपेला पैसे कमी पडतात, म्हणाले.